उन्हाळ्यात वाळवंटात जाताय? मग माशांचं आणि किड्यांचं आधी बघा

उन्हाळ्यात वाळवंटात जायचं ठरलं की सगळे ऊन, पाणी, टोपी, सनस्क्रीन याच्या मागे लागतात, आणि लागायलाच पाहिजे, पण माशांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आपल्याला वाटतं एवढ्या रखरखीत ठिकाणी कुठल्या आल्यात माशा, ना डबकं ना झाडी. मग गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत नाकात, ओठांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात माशाच माशा. बहुतेक चावत नाहीत पण पिच्छाही सोडत नाहीत, आणि हात हलवून हलवून माणूस असा कावतो की समोरचा नजारा बघायचा राहूनच जातो.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की त्या माशीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, तिला ओल पाहिजे. मैलोन्‌मैल सगळं सुकलेलं आणि मधेच तुम्ही घामाघूम उभे. घामात पाणी आणि मीठ, डोळ्यांतल्या पाण्यात आणि लाळेत थोडं प्रोटीन, आणि मादीला अंडी धरायला प्रोटीन लागतं, म्हणून ती हातावर बसण्यापेक्षा डोळ्यांकडे झेपावते. म्हणजे तुमचं खरं काम काय, तर स्वतःची ओल झाकायची, बाकीची ओल आसपास ठेवायची नाही, आणि माशा जिथे जन्मतात त्या जागेपासून लांब राहायचं. स्प्रेचा नंबर त्याच्या नंतर.

स्प्रेबद्दल आत्ताच सांगून टाकतो कारण लोक तिथेच पैसे घालवतात. डीट किंवा पिकारिडिन ही औषधं असलेला रिपेलंट, म्हणजे किडे लांब ठेवायला अंगाला लावतात तो, डासांवर, वाळूमाशीवर, गोचिडांवर चांगला चालतो, पण घाम चाटायला आलेल्या साध्या माशीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. थोडा वेळ जरा लांब घोंघावतात आणि घाम आला की परत हजर. शिवाय डोळ्यांच्या कडेला आणि ओठांवर स्प्रे मारता येत नाही, आणि त्यांना नेमकं तिथेच बसायचं असतं.

त्यामुळे माशांवर एकच खरा उपाय, चेहऱ्यावरची जाळी. दिसायला ध्यान दिसतं, फोटो वाईट येतात, पण ज्यांनी घातली ते परत काढत नाहीत. घेताना काळी किंवा गडद रंगाची घ्या, पांढऱ्या जाळीवर ऊन पडलं की ती चमकते आणि पलीकडचं धड दिसत नाही. नुसती जाळी डोक्यावर ओढून उपयोग नाही, खाली चारी बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी पाहिजे म्हणजे जाळी नाकाला चिकटत नाही, चिकटली की माशी बाहेरून बसून आरामात घाम चाटते. खालची दोरी गळ्याशी बांधा नाहीतर कॉलरमध्ये खोचा. एखादी आत शिरली ना, तर बाहेरच्या शंभर परवडल्या. पाणी प्यायला नळीवाली पिशवी बरी पडते, नळी जाळीखालून घ्यायची, कारण दर वेळी जाळी उचलावी लागली की माणूस कंटाळून पाणी कमी पितो आणि हे उन्हाळ्यात फार महागात पडू शकतं. जाळी नसेलच तर बाजूने बंद असलेला गॉगल आणि तोंडावरून सैल सुती कापड, बऱ्यापैकी निभावतं.

ऑस्ट्रेलियात काठाला बुचं लटकवलेली टोपी प्रसिद्ध आहे, मान हलली की बुचं हलतात आणि माशा उडतात. मजा म्हणून ठीक, पण जाळीची सर नाही तिला. तिथल्या वाळवंटातल्या उलुरू या प्रसिद्ध खडकाच्या आसपास बघा, जाळ्या घालून फिरणारे पर्यटक दिसतात. तिथल्या बुशफ्लायची, म्हणजे या अशाच पिच्छा न सोडणाऱ्या माशीची, गोष्ट कामाची आहे म्हणून सांगतो. १७८८ पासून युरोपियन लोकांनी तिथे गुरं आणली, पण तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या छोट्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईचं ओलं शेण त्यांना झेपेना, मग ते शेण तसंच पडून राहायला लागलं आणि माशांना आयती जागा मिळाली, एकेका पोवट्यातून शेकड्यांनी माशा बाहेर पडतात. शेवटी जॉर्ज बोर्नेमिस्सा नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं की गुरांच्या शेणावर जगणारे किडे बाहेरून आणा, आणि तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९६५ ते १९८५ या काळात हा प्रकल्प चालवला, आफ्रिका आणि युरोपातून किडे आणून सोडले. जिथे ते रुजले तिथे माशा कमी झाल्या, पण आतल्या कोरड्या भागात अजून भरपूर आहेत.

आपण यातून काय घ्यायचं, तर मुक्कामाची जागा निवडताना आधी खाली बघा. जनावरं बसतात ती जागा, गुरांची किंवा उंटांची पाणी प्यायची जागा, कचऱ्याचे डबे, मेलेलं जनावर, यापासून जेवढं लांब जाल तेवढं बरं. पाणवठ्याशेजारचं एकुलतं एक झाड बघून लोक लगेच तिथेच पथारी टाकतात, पण त्या सावलीत तुमच्या आधी जनावरं बसून गेलेली असतात. शिवाय उंट जिथे बसतात तिथल्या मातीत गोचीड असतात, आणि आफ्रिका आणि अरबस्तानाकडच्या काही जातींचे गोचीड गवतावर वाट बघत बसत नाहीत, जमिनीवरून चक्क पळत माणसाकडे येतात. तिथे पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंग तपासा, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेपाशी.

वारा हा सगळ्यात स्वस्त उपाय. माशीला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही, म्हणून उघडी, किंचित उंचावरची जागा बघा, बसताना तोंड वाऱ्याकडे करा म्हणजे माशा पाठीच्या आडोशाला जाऊन बसतात. पाठीवर बसू देत, तिथे त्रास नाही. लोक उगाच एकमेकांच्या पाठी झटकत बसतात आणि मग त्याच माशा उडून तोंडावर येतात.

वेळेचं पण तसंच. या माशा दिवसाच्या, उजाडून जरा ऊन तापलं की सुरू आणि अंधार पडला की जादू झाल्यासारख्या गायब. म्हणजे पहाटे झुंजुमुंजू असताना चालायला निघा, उन्हाच्या दृष्टीनेही तेच शहाणपण आहे. भर दुपारी फार तापलं की माशाही उन्हातून सावलीत येतात, त्याच सावलीत जिथे तुम्ही आलाय, आणि सगळ्यात जास्त वैताग तेव्हाच होतो. तेव्हा दुपारच्या मुक्कामाला चारी बाजूंनी जाळी असलेला मंडपासारखा तंबू असला तर फार सुख. पण माशांना कंटाळून दुपारचा तंबू चेन लावून पूर्ण बंद करून आत बसू नका, उन्हात बंद तंबूची भट्टी होते, उष्माघात हा माशीपेक्षा कितीतरी वाईट. तसंच गळ्यात ओलं फडकं घातलं की माशा आणि मधमाश्या येतात हे खरं, पण अंग तापलं असेल तर फडकं घालाच, माशा येऊ देत.

मधमाश्यांचं वेगळं बघावं लागतं. उन्हाळ्यात त्यांनाही पाणी हवं असतं, आणि गाडीच्या एसीचं खाली टपकणारं पाणी, नळाची गळती, धुतलेले कपडे, उघडी बाटली, सगळीकडे जमतात. पाणी प्यायला आलेली मधमाशी भांडायला आलेली नसते, हात मारू नका. डबा किंवा कॅनमधून काही पिताना आत बघून मगच तोंडाला लावा, घशात डंख हा विषय गंमतीचा नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात आफ्रिकी संकराच्या मधमाश्या १९९० च्या दशकापासून पसरल्यात, त्यांच्या पोळ्याजवळ गेलात आणि झुंड मागे लागली तर तोंड झाकून सरळ पळत गाडीत किंवा घरात शिरा, एकदोन आत आल्या तरी चालेल, पाण्यात मात्र उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तर त्याचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन गाडीत नको, गाडी तापते आणि औषध खराब होतं, सावलीतल्या पिशवीत सोबत ठेवा.

जेवणाचं थोडक्यात. एकदम सगळं मांडून बसू नका, लागेल तेवढंच काढा, लगेच झाका, उष्टी भांडी तशीच ठेवू नका, धुतलेलं पाणी तंबूपासून लांब फेका, कचरा दोन पिशव्यांत घट्ट बांधा. शौचाला गेलात तर वीतभर खोल खड्डा करून बुजवा, कारण तिथे बसलेली माशीच नंतर ताटावर येते आणि पोट बिघडतं. उन्हाळ्यात वाळवंटात जुलाब लागले तर अंगातलं पाणी किती झटकन जातं हे वेगळं सांगायला नको.

गाडीत माशा शिरल्या तर सगळ्या काचा खाली करून हळूहळू थोडं अंतर चला, बऱ्याचशा जातात. चालवणाऱ्याने माशी मारायला जाऊ नये, गाडी थांबवा.

आता रात्र. माशा गेल्या म्हणून हायसं वाटतं आणि इथेच लोक ढिले पडतात, पण माझ्या मते जास्त लक्ष रात्रीच द्यायला हवं. वाळूमाशी ही दोनतीन मिलिमीटरची, डासाच्या एक तृतीयांश, उडताना आवाज नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आरामात आत येते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते आणि काही भागांत तिच्यातून त्वचेचा लेशमानियासिस, म्हणजे लवकर भरून न येणाऱ्या जखमांचा आजार, होतो, इराण, सीरिया, सौदी अरेबिया, उत्तर आफ्रिका, आणि आपल्याकडे राजस्थानात बिकानेरकडेही तो आढळतो. अशा भागात बारीक विणीची, परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेली जाळी घ्या. बारीक जाळीत उन्हाळ्यात उकडतं, खरंय, पण इलाज नाही. वाळूमाशी उडायला फार कच्ची, जमिनीलगत छोट्या उड्या मारत जाते, त्यामुळे पंखा चालू असेल तर जवळ यायला जमत नाही, आणि गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर झोपणं खाली झोपण्यापेक्षा बरं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, आणि उघड्या अंगावर रिपेलंट.

रिपेलंट लावताना आधी सनस्क्रीन, ते मुरू द्या, मग वरून रिपेलंट. डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के पुरेसं आहे. डीट गॉगल, घड्याळाची काच, काही सिंथेटिक कपडे खराब करतं, पिकारिडिन करत नाही, म्हणून मला पिकारिडिन आवडतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला रिपेलंट लावू नका, जाळीच वापरा. परमेथ्रिनचा ०.५ टक्केवाला स्प्रे फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, अंगावर नाही, निघायच्या आधी मारून पूर्ण वाळवा, काही धुण्यांपर्यंत टिकतो. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा, परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

दिव्याचंही बघा. पांढऱ्या झगझगीत एलईडीवर अख्ख्या परिसरातले भुंगे आणि पाखरं येतात, मग त्यांच्यामागे त्यांना खाणारे येतात. पिवळा मंद दिवा लावा, हेडलॅम्प लाल मोडवर ठेवा, आणि मोठा दिवा लावायचाच तर जेवणाच्या जागेपासून लांब लावा म्हणजे गर्दी तिकडे होते. कॅमल स्पायडर म्हणतात तो भयानक दिसणारा प्राणी दिव्याशी आला तर घाबरू नका, तो विषारी नाही, आणि दिवसा मागे लागला तर तुमच्या नाही, तुमच्या सावलीच्या मागे लागलाय, बाजूला व्हा. हात लावू नका मात्र, चावा चांगला दुखतो.

विंचवासाठी छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्याच. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो आणि लांबूनच दिसतो, झोपायच्या आधी अंथरुणाभोवती एक फेरी मारली की मन शांत. जमिनीवर झोपण्यापेक्षा खाटेवर झोपा, चादर खाली लोंबू देऊ नका, तंबूची चेन आतबाहेर करताना दर वेळी लावा, बूट सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका, दगड आणि सरपण उघड्या हाताने उचलू नका, रात्री लघवीला जाताना सुद्धा बूट घाला. विंचू चावलाच तर जागा धुवा, थंड शेक द्या, तो अवयव हलवू नका, आणि ते कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं असले उद्योग करू नका. लहान मूल असेल, किंवा श्वास, गिळणं, घाम, थरथर यात काही वेगळं दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते निघायच्या आधीच नकाशावर बघून ठेवा, तिथे गेल्यावर नेटवर्क असेलच असं नाही.

परत आल्यावर पिशव्या घराबाहेरच उलट्या करून झटका, कपडे गरम पाण्यात टाका. चावलेल्या जागा खाजल्या तर कॅलामाइन, थंड शेक, अँटिहिस्टामिन, आणि नखं आवरा. पण एखादी जागा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, लाल गाठीसारखी फुगून मधे फुटली, फारशी दुखत नाही पण भरूनही येत नाही, असं झालं तर मलमं बदलत बसू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि कुठल्या वाळवंटात, कधी गेला होतात ते आपणहून सांगा, कारण त्यांनी विचारलं नाही तर लेशमानियासिसची तपासणी कदाचित होणारच नाही.