फ्रान्सच्या सहलीत रेस्टॉरंटचं जेवण: या चुका टाळा

शाळा-कॉलेजचा गट फ्रान्सला गेला की पहिली गडबड वेळेची होते. तिथल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दुपारी साधारण बारा ते दोन आणि रात्री सात-साडेसातपासून दहापर्यंत चालू असतं. मधल्या वेळात दार उघडं दिसलं तरी कॉफी-सरबतापलीकडे फारसं काही मिळत नाही. म्युझियम बघून तीन वाजता तीस भुकेली मुलं घेऊन गेलात, तर परत फिरावं लागेल. वेळ चुकलीच तर ‘सर्व्हिस काँतिन्यू’ अशी पाटी असलेली ब्रासरी, म्हणजे साधं, मोठं रेस्टॉरंट, शोधा. तिथे दिवसभर जेवण मिळतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंटं बंद असतात. ऑगस्टमध्ये तर काही मालक कुलूप लावून चक्क सुटीवर जातात.

दुसरी चूक म्हणजे टेबलावर बसून प्रत्येकाने वेगळी ऑर्डर देणं. छोट्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात दोन-तीनच माणसं असतात आणि एका टेबलाची ताटं एकदमच बाहेर पाठवायची तिथली पद्धत आहे. तीस जणांचे पंधरा वेगवेगळे पदार्थ म्हणजे सगळ्यांनाच तासभर थांबावं लागणार. म्हणून दहापेक्षा जास्त माणसं असतील तर एक-दोन आठवडे आधी ईमेल करून गटासाठीचा ठरावीक मेन्यू मागा. प्रत्येक टप्प्याला दोनच पर्याय ठेवा, कोणाला काय हवंय त्याची यादी दोन-तीन दिवस आधी पाठवा आणि एक प्रत जवळ ठेवा. बसल्यावर निम्मी मुलं आपण काय निवडलं होतं ते विसरलेली असतात.

शब्दही चकवतात. ‘मेन्यू’ म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण. यादीला ‘कार्त’ म्हणतात. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ मुख्य पदार्थ होतो, म्हणून घोटाळा होतो. मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. दुपारची ‘फॉर्म्यूल’, म्हणजे आंत्रे आणि प्ला किंवा प्ला आणि गोड, बहुतेक ठिकाणी रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडते. बजेट कमी असेल तर मोठं जेवण दुपारी घ्या.

सर्वांत जास्त काळजी शाकाहारी मुलांची घ्यावी लागते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासे चालतील असं काही जण धरून चालतात. सॅलडमध्ये, कीशमध्ये (अंडी-मलईचं सारण भरून भाजलेला खारा पदार्थ) पुष्कळदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. गरम बकरी-चीजचं सॅलड नावावरून निर्धोक वाटतं, पण त्यातही पुष्कळदा ते असतात. कांद्याचं सूप परंपरेने गोमांसाच्या रश्शात करतात, त्यामुळे वर मांस दिसत नाही म्हणून ते शाकाहारी समजू नका. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं; त्यातल्या ‘गालेत काँप्लेत’मध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस असतं. बाव्हारवा किंवा पन्ना कोता यांसारख्या थिजवलेल्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं.

म्हणून ईमेलमध्ये नेमकं लिहा: मांस नको, मासे नकोत, लार्दों नकोत, मांसाचा रस्सा नको, जिलेटिन नको, अंडी चालतात की नाही, तेही लिहा. फ्रेंचमध्ये प्रत्येक गोष्टीआधी ‘सां’, म्हणजे ‘विना’, लावायचं: सां व्हियांद (मांस नको), सां प्वासों (मासे नकोत), सां लार्दों. हे कागदावर लिहून मुलांच्या खिशात द्या. क्रेपरीत, म्हणजे अशी धिरडी मिळणाऱ्या ठिकाणी, चीज-मशरूमची गालेत मिळते आणि ती पोटभरीची असते. नीसमध्ये बेसनाची ‘सोका’ मिळते, आपल्या पोळ्याची आठवण करून देणारी. पॅरिसमध्ये गार द्यू नॉर स्टेशनाजवळच्या ला शापेल भागात दक्षिण भारतीय जेवण मिळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र एका वेळचं खाणं बरोबर ठेवावं, स्वयंपाकघरावर विसंबू नये.

मांसाहारी मुलांनीही दोन नावं लक्षात ठेवावीत. ‘स्तेक तार्तार’ हे कच्चं गोमांस असतं आणि ‘आंदुयेत’ हे आतड्यांचं सॉसेज. मांस कितपत शिजवायचं ते विचारतात. ‘अ प्वां’, म्हणजे मध्यम शिजलेलं, सांगितलं तरी आतून गुलाबी येतं. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ‘ब्यां क्वी’ म्हणा.

आत शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा, संध्याकाळी ‘बोंस्वार’. अभिवादन न करता थेट मागणी करणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, आणि त्याचा परिणाम पुढच्या सगळ्या वागणुकीवर होतो.

पाणी मागताना ‘ओ’ एवढंच म्हटलंत तर बाटली येऊन बिलात लागू शकते. ‘युन काराफ द’ओ’ म्हणा. जेवणाबरोबर नळाचं पाणी आणि पाव फुकट असतो. पाव बशीत नाही, टेबलावरच ठेवतात आणि संपला की आणखी मागता येतो. ताटातलं सगळ्यांनी वाटून खायची आपली सवय तिथे अडचणीची ठरते. प्रत्येकी एक प्ला मागवणं अपेक्षित असतं. उरलं तर डबा मागायला संकोचू नका. 2021 पासून ग्राहकाने मागितल्यास तो देणं रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे.

किमतीत कर आणि सेवेचा आकार धरलेला असतो, त्यामुळे वेगळी टिप सक्तीची नाही. पैसे आधीच गोळा करून एकाच कार्डाने भरा; तीस जणांचं बिल वेगवेगळं करून मागणं म्हणजे बस चुकवणं. आणि बिल आपणहून येत नाही, कारण ते न मागता आणून देणं म्हणजे ‘उठा’ म्हणण्यासारखं मानतात. निघायची वेळ ठरलेली असेल तर गोड पदार्थ टेबलावर आला की लगेच ‘लादिसियों, सिल व्हू प्ले’ म्हणा.