दाखल करायचं की ओपीडीत दाखवायचं? या चुका टाळा

"एखादं चांगलं सेंटर सुचवा ना."

व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या कुणालाही विचारा, पहिला फोन बहुतेक वेळा असाच येतो. कोण पितं, काय पितं, किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडायला गेले तेव्हा काय झालं, यातलं काही न सांगता थेट सेंटर. मी हे प्रश्न विचारायला लागले की समोरचा वैतागतो. "ते सगळं तिथे सांगू हो, तुम्ही फक्त नाव द्या." याच्या उलट बोलणारेही तितकेच असतात. "आमचा माणूस तसा नाही, अ‍ॅडमिट वगैरे काही नको, गोळ्या लिहून घेऊ." दोघांचाही निर्णय आधीच झालेला असतो आणि आजाराकडे बघून तो कुणीच घेतलेला नसतो. एकाने रागाने घेतलेला, दुसऱ्याने लाजेने.

रागाच्या भरात दाखल करणं

घरचे थकलेले असतात, हे मला पूर्ण मान्य आहे. वर्षानुवर्षं पैसे लपवलेल्या, लोकांसमोर सारवासारव केलेल्या, रात्र रात्र दाराकडे कान लावून बसलेल्या बायकोला "आता याला कुठेतरी न्या" म्हणायचा हक्क आहे. तुम्हाला चार दिवस विसावा हवा असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा, त्यावरही विचार करता येतो. फक्त त्याला उपचार समजू नका. शिक्षा म्हणून दाखल केलेला माणूस आत शिक्षा भोगल्यासारखा राहतो आणि सुटल्यासारखा बाहेर पडतो.

दाखल होणं म्हणजे जास्त पॉवरचं औषध, ही समजूत तर आधी डोक्यातून काढाच. १९७७ साली ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दारूचं व्यसन असलेल्या १०० विवाहित पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना एकदाच बसवून नीट सल्ला दिला होता. उरलेल्यांना ओपीडी, औषधं, गरज पडली तर दाखल करणं, असा सगळा सरंजाम. वर्षभराने दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. १९८९ मध्ये अमेरिकेत १६४ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, सोडतानाचा त्रास सौम्य ते मध्यम असलेल्यांपैकी काहींना दाखल केलं, काहींना रोज ओपीडीत बोलावलं. दाखल झालेल्यांपैकी जास्त लोकांनी डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचा पहिला टप्पा, पूर्ण केलं, हे खरं. पण सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी होते. यावरून उपचार निरुपयोगी ठरत नाहीत. ज्याला दाखल व्हायची वैद्यकीय गरज नाही त्याला दाखल करून फार काही जास्तीचं हाती लागत नाही, एवढं मात्र ठरतं.

गरज कुणाला? ज्याला दारू किंवा गोळ्या सोडताना जिवाचा धोका आहे. ज्याच्या मनात जीव संपवण्याचे विचार चालू आहेत. ज्याला भ्रम किंवा भास होताहेत. ज्याचं यकृत, हृदय किंवा आणखी काही आधीच बिघडलेलं आहे. ज्याच्या घरातच दुसरं कुणी रोज पितं. आणि ज्याला ओपीडीत नेमाने येऊनही जमलं नाही. यातलं काहीच नसेल, घरात एक तरी शहाणं माणूस असेल आणि पेशंट स्वतःच्या पायाने येत असेल, तर ओपीडी हा पहिला मार्ग आहे. परवडत नाही म्हणून पत्करलेला दुय्यम मार्ग समजू नका.

रागाचं दुसरं अपत्य म्हणजे 'एक महिना'. हा २८ दिवसांचा आकडा अमेरिकेतल्या निवासी केंद्रांतून जगभर पसरला. मेंदूला महिना कळत नाही. अमेरिकेतल्याच मादकद्रव्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचं म्हणणं असं की ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा फारसा उपयोग होत नाही. हे ९० दिवस आत काढायचे असतात असं कुणीच म्हटलेलं नाही. दाखल राहण्याचे काही दिवस आणि पुढची ओपीडी मिळून ते भरतात. घरचे मात्र डिस्चार्जच्या दिवशी सुटकेचा श्वास टाकतात आणि फॉलोअपची चिठ्ठी कपाटात जाते.

ब्राउन शुगरवर, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनवर असलेला एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. एका निवासी केंद्रात बरेच दिवस राहिला. औषधांवर त्या केंद्राचा विश्वास नव्हता, 'गोळीने गोळी सुटत नाही' असं त्यांचं म्हणणं. बाहेर आला तेव्हा गाल भरलेले, डोळे स्वच्छ. आईला वाटलं, पोरगा परत मिळाला. पुढची भेट ठरवूया म्हटलं तर वडील म्हणाले, "आता कशाला? बघा तरी त्याच्याकडे." काही दिवसांतच तो जुन्या मित्रांना भेटला आणि जुन्याच सवयीने जुना डोस घेतला. सहनशक्ती मात्र जुनी राहिली नव्हती. काही आठवडे बंद ठेवलेल्या शरीराला तोच डोस श्वास थांबवणारा ठरतो. मित्रांनी पळून न जाता दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत नुसतं डिटॉक्स करून सोडून देणं, मागे पुन्हा घसरू न देणारं औषध नाही, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन नाही, मेथाडोन नाही, नाल्ट्रेक्सोन नाही, हे काही न करण्यापेक्षाही धोक्याचं ठरू शकतं. ही औषधं म्हणजे 'एक व्यसन जाऊन दुसरं आलं' असं कुणी ऐकवलं तर त्याला एवढंच विचारा, मृत्यूचं प्रमाण कशाने कमी होतं? ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनने कमी होतं. तत्त्वज्ञानाने नाही.

माझी सवय साधी आहे. दाखल करायच्या आधीच डिस्चार्जनंतरच्या ओपीडीची तारीख घ्यायची, आठवड्याच्या आतली. ती देता येत नसेल तर मी दाखल करण्याचा आग्रहच धरत नाही. लोकांना हे विक्षिप्त वाटतं. वाटू दे.

सुट्टीत घरच्या घरी दारू बंद करणं

या चुकीवर मी कितीही बोलू शकते, कारण ती शहाणी, शिकलेली माणसं करतात.

एका निवृत्त शिक्षकांच्या मुलांनी ठरवलं, जोडून सुट्टी आलीय, आपण सगळे घरी आहोत, बाबांची सोडवूनच टाकू. बाबा रोज पिणारे, सकाळी हात थरथरतो म्हणून उठल्या उठल्याही थोडी घेणारे. बाटल्या मोरीत ओतल्या, बाहेरच्या दाराला कुलूप, पाकीट ताब्यात. पहिल्या दिवशी घाम, थरथर, चिडचिड. मुलांनी धीर दिला, लिंबू पाजलं, मीठ पाजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फिट आली. थोड्या वेळाने थांबली तर त्यांना वाटलं संकट टळलं. तिसऱ्या रात्री सर भिंतीवरचे किडे झटकायला लागले, हवेत नसलेले दोरे ओढायला लागले, धाकट्या मुलाला वर्गातला विद्यार्थी समजून रागवायला लागले. अंगात ताप, छाती धडधडतेय. थोरला मला फोनवर म्हणाला, "बाबांना वेड लागलं बहुतेक, मानसिक सेंटर सुचवा."

ते वेड नव्हतं. डॉक्टर त्याला डीटी म्हणतात, डिलिरियम ट्रेमन्स. ही वैद्यकीय आणीबाणी असते, हॉस्पिटलमध्ये, बऱ्याचदा आयसीयूत जायची. त्यांना तिथेच नेलं आणि ते वाचले.

वेळापत्रक पाठ करून ठेवा. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत डीटी. म्हणजे 'पहिला दिवस निघाला की झालं' हा हिशोब नेमका उलटा आहे, खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. पूर्वी एकदा फिट किंवा डीटी येऊन गेली असेल तर पुन्हा येण्याची शक्यता बरीच वाढते. दर वेळी अशीच अचानक सोडली-धरली केली तर पुढचा झटका जास्त जोराचा असू शकतो, त्यामुळे 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' या वाक्यावर मी विसंबत नाही.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचंही हेच. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्महिने घेऊन एका दिवसात बंद केली तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. याच जातीचं डायझेपाम शरीरात जास्त रेंगाळतं, त्याचा त्रास आठवड्याने उगवतो आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशोबाने हळूहळू उतरवायच्या असतात. ज्यांना त्या रविवारपर्यंत सोडायच्या असतात त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच शक्ती गेलीय.

मग प्रत्येक पिणाऱ्याला दाखलच करायचं का? नाही. सौम्य त्रास असलेल्यांची दारू ओपीडीतून सुरक्षित सुटते, पण डॉक्टरांनी तपासून, ठरलेल्या गोळ्या ठरलेल्या दिवसांत कमी करत, पहिले काही दिवस रोज भेटून. घरात सोबत हवी आणि गोळ्यांचा डबा त्या सोबत्याकडे. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, द्यायला विसरायचं नाही. दारूने पोखरलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवून थायमिन दिलं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. फिटचा इतिहास, गोंधळलेलं बोलणं, ताप, सतत उलट्या, साठीपुढचं वय किंवा घरात एकटेपणा, यातलं काही असेल तर मी ओपीडीचा विषय काढतच नाही.

आणि हो, पेशंट सांगतो त्यापेक्षा जास्त पीत असतो हे गृहीत धरा. मी घरच्यांना आधी आठवडाभराच्या रिकाम्या बाटल्या मोजायला लावते.

जेवणात गुपचूप औषध घालणं

'त्याला कळू न देता सुटेल' म्हणून विकली जाणारी पावडर किंवा कुणाच्या तरी चिठ्ठीवर आणलेलं डायसल्फिराम भाजीत मिसळणं. त्या माणसाने वर दारू घेतली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदयाचा आजार असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. हे औषध चांगलं आहे, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या होकाराने. शॉर्टकटवर माझा राग का, याचं हे एकच उदाहरण पुरे.

मनाच्या आजारात उलटा गोंधळ

इथे लोक दाखल करायला घाबरतात आणि नेमके चुकीच्या वेळी. मेनियातला, म्हणजे अति उत्साहाचा झटका आलेला माणूस रात्रभर जागा असतो, कर्ज काढतो, सगळ्यांना भेटवस्तू वाटतो आणि म्हणतो, "मी आयुष्यात एवढा मस्त कधीच नव्हतो." तो ओपीडीची गोळी घेणार नाही, कारण त्याच्या मते आजारी तुम्ही आहात. बाळंतपणानंतर काही दिवसांत आई भ्रमिष्टासारखं वागायला लागली, झोप पूर्ण उडाली, बाळाबद्दल विचित्र बोलायला लागली तर 'हळवी झालीय' म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. याउलट पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती), साधारण नैराश्य यांचा उपचार बहुतेकदा ओपीडीतच होतो, आणि 'वातावरण बदल' म्हणून कुठे ठेवायची गरज नसते.

नैराश्याच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत 'ओपीडीचा उपयोग नाही' म्हणून केंद्र शोधणारे मी सारखे पाहते. आणि मनोरुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात, कीटकनाशकं घराबाहेर, भेट आठवड्याच्या आत.

'आधी दारू सुटू दे, मग डिप्रेशनचं बघू' हेही ऐकून कंटाळले. दारूमुळे आलेली उदासी सोडल्यावर दोन-चार आठवड्यांत पुष्कळदा ओसरते, हे खरं. पण दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवणारा डॉक्टर हवा, आणि मरणाची भाषा असेल तर वाट बघायची नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मधली पायरी असते हे विसरणं. दिवसभर उपचार आणि रात्री घरी, किंवा आठवड्यातून तीन-चार दिवस काही तासांचे गट, अशी सोय असते. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

'१०० टक्के हमी' देणाऱ्या केंद्रावर भुलणं. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं, साधारण रक्तदाबाच्या पेशंटइतकंच. हमी देणारा एकतर आकडे वाचत नाही किंवा तुमचा चेहरा वाचतो.

रात्री डॉक्टर असतो का, हे न विचारणं. फिट आली तर कुठे नेता, भेटायला कधी येऊ देता, आधीपासूनच्या गोळ्या बंद करता का, हेही विचारा. भेटच नाही म्हणाले तर मी तिथे कुणाला पाठवत नाही.

पेशंटला फसवून गाडीत बसवणं. पुढची कितीतरी वर्षं तो कुठल्याच दवाखान्यावर विश्वास ठेवत नाही.

एकदा घसरला की 'ओपीडी फेल' म्हणणं. आधी बघा: गोळ्या खरंच पोटात जात होत्या का, भेटी किती चुकल्या, घसरला तेव्हा कुणाबरोबर होता. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करून, भेटी वाढवूनही तो सतत पीतच असेल किंवा सोडताना त्रास वाढत असेल, तर पायरी वर चढवा आणि दाखल करा. आत ठीक झाला की तीच पायरी खाली उतरून पुन्हा ओपीडीत, त्याच डॉक्टरांकडे.