डेटा रायटरला कॉम्प्रेशन जोडताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या रोजच्या उत्पादनाच्या नोंदी आमची पायथन लायब्ररी सीएसव्हीत लिहिते. फाइल लिहिणाऱ्या कोडला, म्हणजे रायटरला, जीझिप (फाइल आवळून लहान करणारं कॉम्प्रेशन) जोडलं आणि दुसऱ्याच सकाळी तिथल्या हिशेबनीसांचा फोन आला: "फाइल उघडती, पण रात्रपाळीचे शेवटचे माग दिसंनात की ओ!"

चूक आमचीच होती. आमचं क्लोज फक्त डिस्कवरची फाइल बंद करत होतं, तिच्यावरचा जीझिपचा थर उघडाच राहत होता. त्याच्या पोटात अडकलेल्या ओळी डिस्कवर उतरल्याच नाहीत. जीझिप फाइलच्या शेवटी ८ बाइट असतात: ४ सीआरसी-३२ चे (डेटा बिघडला नाही ना, हे तपासणारा आकडा), ४ मूळ डेटाच्या लांबीचे. थर बंद झाल्याशिवाय तेही लिहिले जात नाहीत. म्हणून आधी वरचा थर बंद करा, मग खालची फाइल. उघडलेली फाइल तुम्हीच जीझिपच्या हाती दिली असेल, तर जीझिप ती बंद करत नाही. ते काम तुमचं. मध्येच एरर आली तरी हा क्रम चुकता कामा नये. शंका आली तर टर्मिनलवर ‘जीझिप -टी’ चालवा; अर्धवट फाइल तिथंच पकडली जाते.

दुसरी चूक मोडची. साध्या ओपनमध्ये ‘डब्ल्यू’ म्हणजे टेक्स्ट, पण जीझिपच्या ओपनमध्ये तोच ‘डब्ल्यू’ म्हणजे बाइट. स्ट्रिंग दिली की टाइपएरर. ‘डब्ल्यूटी’ द्या आणि एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. ‘चादर’ हा एवढासा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट घेतो, त्यामुळे मराठी नोंदी कॉम्प्रेशननं छान आवळल्या जातात. पण एन्कोडिंग मशीनवर सोडलं, तर एखाद्या विंडोज पीसीवर त्याच नोंदी लिहिताना प्रोग्राम अडकतो.

प्रत्येक ओळीनंतर फ्लश, म्हणजे साठलेला डेटा लगेच खाली ढकलणं, करू नका. दरवेळी जास्तीचे बाइट पडतात आणि फाइल फुगते. सीएसव्हीऐवजी पार्के हा फाइल-प्रकार वापरत असाल, तर त्याला बाहेरून जीझिप लावू नका. त्याचं कॉम्प्रेशन आतच असतं, आणि वाचणारा आधी फाइलच्या शेवटचा फूटर शोधतो.

टेस्टमध्ये दोन फायलींचे बाइट ताडून पाहत असाल, तर जीझिपच्या हेडरमधली वेळ शून्य ठेवा, नाहीतर तोच डेटा असूनही टेस्ट लाल होते. आम्ही आता फाइल लिहून, बंद करून, परत उघडतो आणि रात्रपाळीच्या शेवटच्या मागाची ओळ अक्षर न् अक्षर जुळवतो.