शंभर वर्षं जुन्या घरात लेकरांसकट राहायला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

जुनं घर बघायला गेलो की आपण वर बघतो. उंच छत, लाकडी तुळया, नक्षीची चौकट, खिडकीतून येणारा तिरका उजेड, झालं, मन तिथंच बसतं. बघायला पाहिजे खाली, भिंत जमिनीला टेकते तिथं. आम्ही नाही बघितलं. पोरगी अडीच वर्षांची होती, दुसरं बाळ पोटात होतं आणि डोक्यात एकच, बाळ यायच्या आत सगळं चकाचक पाहिजे. आमच्या बहुतेक चुका या घाईतनंच झाल्या.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते. मुलांच्या खोलीच्या एका भिंतीला खालून ओल होती, रंगाचे पोपडे सुटलेले, हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागायची. तो लोणा, म्हंजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. गवंडी म्हणाला जुना गिलावा झाडून टाकू, तीन फुटांपर्यंत सिमेंट मारू, वरून वॉटरप्रूफ रंग, विषय संपला. आम्हीपण हो म्हणालो कारण तारीख जवळ आली होती. सहा महिने भिंत अगदी नव्यासारखी दिसली. त्याच भिंतीवर पोरीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा करायचो आम्ही, आणि एक दिवस बघते तर सिमेंट संपतं त्याच्या वर, बरोब्बर तिच्या खुणेच्या शेजारी, ओलीची नवी रेघ. पोरीपेक्षा ओल वेगानं वाढत होती!

कारण साधं आहे. आजच्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी १८२४ सालचं आणि सर्रास घराघरात वापरायला लागले ते त्याच्याही बऱ्याच नंतर. त्याआधीच्या भिंती चुन्यात नाहीतर मातीत बांधलेल्या, त्यांच्यात थोडी ओल येणार आणि पृष्ठभागावरून वाळून जाणार हे धरलेलंच असतं. आपण त्यावर सिमेंट लावलं की वाळायची वाट बंद होते, मग पाणी आत अडकतं आणि जिथं मोकळी जागा मिळेल तिथपर्यंत वर चढतं. वर क्षार साठून मऊ जुन्या विटेचा चेहराच सोलून निघतो तो वेगळाच. वीट गेली पण सिमेंटचा थर तस्साच उभा, असं आमच्याकडे दोन ठिकाणी झालंय.

मग करायचं काय? आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा, गिलाव्याचं नंतर. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, सगळं कळतं. पन्हळ कुठं गळतेय, पागोळ्यांचं पाणी कुठं साठतंय, बाहेरची जमीन किंवा फरशी वाढत वाढत जोत्याच्या वर आलीय का. आमच्याकडे हेच निघालं, कुणीतरी मागच्या बाजूला फरशीवर फरशी टाकत गेलं होतं आणि बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा चांगली वीतभर वर. ती खोदून खाली घेतली, उतार काढला, सिमेंट हलक्या हातानं काढलं आणि भिंत उघडी ठेवली. भिंत जाडीला इंचामागे महिना या हिशेबानं वाळते असा ढोबळ अंदाज धरतात, म्हंजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. कुणी पंधरा दिवसांत वाळवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नंतर चुन्याचा गिलावा, पातळ थरांत, आणि वर चुन्याचाच रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होत जातो, त्यामुळे त्याला पंखा लावून सुकवायची घाई चालत नाही, उलट सुरुवातीला पाणी मारून ओलसर ठेवावा लागतो. आणि काम चालू असताना मुलं लांब ठेवा, ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

अजून एक गंमत, सगळी ओल घराची नसते, काही आपलीच असते. आमच्याआधी इथं दोनच वयस्कर माणसं राहायची, दिवसभर खिडक्या उघड्या. आम्ही आल्यावर दिवसाला तीनदा कपडे धुणं, ते आतच वाळत घालणं, बाळाच्या बाटल्या उकळणं, रात्री खिडक्या गच्च बंद. कपाटामागे काळी बुरशी आली तेव्हा मी परत भिंतीलाच शिव्या घातल्या. ओल कुणाची हे ओळखायची एक घरगुती ट्रिक आहे, फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी टेप लावून चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. थेंब खोलीच्या बाजूनं आले तर दमट हवा आपली आहे, कागदाच्या मागे आले तर भिंतीतून येतंय. आपली असेल तर बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं, आणि सकाळी समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघड्या.

रंग घासू नका. आधी हे वाचा

माझ्या मते हा सगळ्यात धोक्याचा मुद्दा आहे आणि लोक सगळ्यात हलक्यात घेतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ ला, बऱ्याच देशांत त्याच्याही खूप नंतर. शिशाची अमुक एक पातळी मुलांना सुरक्षित असं काही नाहीच, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आणि आपण काय करतो, जुनं लाकूड उघडं दिसावं म्हणून हौसेनं सँडर फिरवतो! पोटात बाळ असलेली बाई त्याच घरात, रांगणारं मूल त्याच जमिनीवर, तेच हात तोंडात.

न सुटलेला, धड असलेला रंग तसाच राहू द्या, वरून नवा रंग मारा. खरी धूळ होते ती घासणाऱ्या जागांवर, खिडकीची फळी जिथं चौकटीला घासते, दार जिथं उंबरठ्याला लागतं. माझी पोरगी खिडकीत उभी राहून चौकट चावायची, दाताच्या खुणा दिसल्या तेव्हा पाय गळाले माझे. रंगाचा तुकडा लॅबमध्ये दिला, शिसं निघालं, लगेच डॉक्टरांना विचारून तिचं रक्त तपासून घेतलं. ती ठीक होती. रंग काढायचाच असेल तर ओला करून, प्लास्टिक अंथरून, जाणकार माणसाकडून, आणि तेवढे दिवस मुलं नि गरोदर बाई दुसरीकडे राहायला. ब्लोलँपनं जाळून काढायचा नाही, धूर त्याहून वाईट. नंतर साध्या झाडूनं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मधल्या काळात कुणी बसवलेले जुने सिमेंटचे पत्रे किंवा पाइपवरचं आवरण असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून आत गेले तर घातक असे बारीक तंतू) असू शकतं, ते फोडू नका, त्यात ड्रिल मारू नका.

जिन्याचं सांगायचं तर, जुन्या कठड्याच्या दांड्यांत दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट असली तर मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून कुणी अख्खा कठडा तोडून स्टीलचा बसवतात, कृपा करून असं करू नका. आतून पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा पट्ट्यांनी बांधा, मुलं मोठी झाली की सोडून टाका. जिन्याच्या वरच्या टोकाचं गेट मात्र नुसतं दाबून बसणारं नको, स्क्रूचं पाहिजे, आणि जुन्या खांबात भोक पाडायचं नसेल तर खांबाला लाकडी फळी पट्ट्यानं आवळून त्या फळीत स्क्रू मारा, आमच्या सुताराची आयडिया. एकूणच काहीही करताना मी हेच विचारते, की दहा वर्षांनी हे काढलं तर मूळ वस्तू जशीच्या तशी निघेल का?

खिडक्यांचं पण तेच. वारा येतो, खडखडतात म्हणून काढून प्लास्टिकच्या बसवल्या जातात. जुनं लाकूड बऱ्याचदा आजच्या लाकडापेक्षा घट्ट असतं, कुजलेला तेवढाच तुकडा बदलता येतो, फटीला ब्रशची पट्टी लावली की निम्मी तक्रार जाते. उंच मजल्यावर खिडकी दहा सेंटीमीटरच्या वर उघडणार नाही असा अडसर लावा, फक्त आग लागली तर मोठ्या माणसाला तो झटकन काढता आला पाहिजे.

वायरिंगमध्ये काटकसर नको. कापडाच्या नाहीतर रबराच्या आवरणाच्या वायरी दिसल्या, हात लावताच भुगा होतोय, तर सगळं बदला आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग खरंच आहे का ते मोजून बघायला लावा. नुसता तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणून अर्थिंग आहे असं नसतं, आमच्याकडे तिसरं भोक शोभेचंच होतं.

लाकडी मजल्यावर बाथटब किंवा मोठा फिशटँक ठेवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, दोनशे लिटर पाणी म्हंजे दोनशे किलो, टबचं नि माणसाचं वजन वेगळंच. भिंतीतली चीर दिसली की लगेच लांबी (पुट्टी) भरू नका, टोकाला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. कित्येक चिरा शंभर वर्षं तिथंच असतात, वाढणारी असेल तरच घाबरायचं. आणि घर वारसा यादीत असेल तर आतल्या कामालाही परवानगी लागू शकते, हे काम सुरू करायच्या आधी विचारा, आम्ही नंतर विचारलं आणि तीन महिने अर्धवट खोलीत काढले.

वायफायचं तेवढं राहिलं. दोन फुटी दगडी भिंतीतून सिग्नल धड जात नाही, राऊटर कितीही भारी घ्या. वायरिंग बदलताय तेव्हाच प्रत्येक मजल्यावर एक नेटवर्क केबल ओढून घ्या, आम्ही विसरलो, आता जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून मीटिंग करते मी, दोन्हीकडची रेंज तिथंच येते.