फुलापासून बी कशी होते? बरबटीच्या शेंगेत बघा

फलन झालं, पाकळ्या गळल्या, की आपण फुलाकडे पाठ फिरवतो. बी घडायला सुरुवात होते ती तिथूनच, आणि ती घरच्या कुंडीत बघता येते.

नागपुरात यासाठी बरबटी, म्हणजे चवळी, उत्तम. मृगाचा चांगला पाऊस झाला की ४-५ दाणे टोचा. उन्हाळ्यात नको, रात्रीही उकाडा असला की फुलं शेंग न धरताच गळतात.

साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. ती सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. म्हणून चहाआधीच गच्चीवर जा. त्या दिवशीच्या ७-८ फुलांच्या देठांना दोरा बांधा, तारखेची चिठ्ठी लावा. काही गळतीलच.

तीनेक दिवसांनी वाळल्या पाकळ्यांतून हिरवी काडी डोकावते. हा अंडाशय, याचीच शेंग होणार. ब्लेडने हलक्या हाताने उभी चिरून भिंगातून बघा: एका कडेला बारीक देठांनी लटकलेले मणी दिसतील. ही बीजांडं. त्या देठातूनच झाड त्यांना भरवतं.

आठवड्याने दुसरी शेंग सोला आणि कोवळा दाणा नखाने दाबा. पाणी निघतं ना? हा भ्रूणपोष, बाळाची शिदोरी. परागकणातून निघालेल्या नळीतून, म्हणजे परागनलिकेतून, दोन नरपेशी येतात. एकीने अंडपेशीशी मिळून भ्रूण, म्हणजे बीतलं बाळरोप, होतो, दुसरीने मधल्या केंद्रकांशी मिळून ही शिदोरी. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं. शहाळ्याचं पाणी आणि मलई हाही भ्रूणपोषच!

आणखी काही दिवसांनी पाणी नाहीसं होतं. दाण्यात दोन जाड डाळिंब्या भरतात. भ्रूणाने शिदोरी खाऊन आपल्या या डाळिंब्यांत साठवलेली असते. मक्यात मात्र ती बाहेरच राहते, म्हणून त्याचा दाणा पिठूळ.

शेंग वाळून खुळखुळली की दाणा रात्रभर भिजवा, पुसा आणि चिमटीत दाबा. डोळ्याजवळच्या (जिथे देठ जोडलेला होता तिथल्या) छिद्रातून थेंब येईल. परागनलिका आत शिरली होती ती याच वाटेने. मग साल काढून डाळिंब्या उघडा. मधोमध इवलं मूळ आणि घडी घातलेली पानं असतात.

एवढं जमलं की आपल्या संत्र्याची बी सोला. बरबटीत एकच भ्रूण होता, इथे बहुधा एकाहून जास्त सापडतात. जादाचे भ्रूण फलनाशिवाय, आईच्याच पेशींतून आलेले असतात. त्यांची रोपं हुबेहूब आईसारखी होतात. ओल्या फडक्यात बी ठेवा आणि एकीतून किती कोंब फुटतात ते मोजा.