घरच्या टेबलावर मिश्कान कसं उभं करायचं

तेरूमाची पराशा (तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतला, त्या आठवड्याचा वाचनाचा भाग) जवळ आली की पोरं विचारतातच, मिश्कान, म्हणजे रानात इस्राएल लोकांनी देवासाठी उभारलेला तंबू, नेमकं कसं दिसायचं? नुसतं वाचून नाही कळत हो, हाताने बांधायलाच लागतं. आणि बांधायला घेतलं की लक्षात येतं, देवाने मापं एवढी बारीक दिलीयेत तरी मधे मधे जागा मोकळ्या ठेवल्यात, आणि आपले रब्बी शेकडो वर्षं वाद घालतायत ते त्याच मोकळ्या जागांवर.

स्केल सोप्पं ठेवा. 1 हात म्हणजे 1 सेंमी. अंगण 100 बाय 50 सेंमी होतं, वन रूम किचनमधल्या टेबलावरही बसतं. आतला तंबू 30 लांब, 10 रुंद, 10 उंच. निळ्या, जांभळ्या, लाल कापडाचे तुकडे मंगलदास मार्केटला मिळतात, चंदेरी-सोनेरी कागद अब्दुल रहमान स्ट्रीटला, आणि तिकडे गेलातच तर पुढे मस्जिद बंदरचं शार हारहमीम सिनेगॉग पण पोरांना दाखवा (आधी विचारून जा), 1796 ची स्थापना आहे. हेखालसमोरच्या (सिनेगॉगमधलं तोरा ठेवायचं कपाट) पडद्याला आपण पारोखेत म्हणतो ना, ते नाव मिश्कानमधलंच, मराठी बायबलात त्याला अंतरपट म्हटलंय, किती सुंदर शब्द आहे!

आता फळ्या. बाभळीच्या लाकडाच्या, प्रत्येक 10 हात उंच, दीड हात रुंद. उत्तरेला 20, दक्षिणेला 20, पश्चिमेला 6 आणि कोपऱ्यांच्या 2, म्हणजे 48. पूर्वेला दार, तिकडे फळ्या नाहीत. आमची पहिली मागची भिंत चुकली, कारण 8 गुणिले दीड 12 होतात आणि आतली रुंदी तर 10 च. राशी (तोराचा मध्ययुगातला भाष्यकार) वाचला तेव्हा कळलं, फळी 1 हात जाड धरायची, मग कोपऱ्यातल्या फळ्या दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी झाकतात आणि हिशोब बरोब्बर बसतो. तोरात मात्र जाडी लिहिलेलीच नाहीये. तालमुदात (रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ) रब्बी यहूदा म्हणतात फळी वर निमुळती होत बोटाएवढी होते, रब्बी नेहेम्या म्हणतात खालपासून वरपर्यंत सारखीच. पोरांना दोन्ही सांगा आणि ठरवू द्या. खोक्याचा पुठ्ठा थर चिकटवून 1 सेंमी जाड करायचा, सारखी फळी कापायला सोपी जाते.

प्रत्येक फळीखाली चांदीच्या 2 बैठका, त्या 96, अंतरपटाच्या खांबांच्या 4, एकूण 100. ही चांदी माणशी अर्ध्या शेकेलच्या (चांदीचं जुनं वजन) वर्गणीची, श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी नाही. म्हणून चंदेरी कागद प्रत्येक पोराकडून सारखाच घ्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, अख्खा तंबू त्याच्यावर उभा आहे.

आधी काय बांधायचं, कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) की तंबू? देवाच्या सांगण्यात कोश पहिला येतो. रामबान (तोराचे आणखी एक भाष्यकार) म्हणतात शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, तिथेच विसावणार म्हणून. पण तालमुदात मिश्कान बांधणारा कारागीर बेझालेल मोशेला विचारतो, माणूस आधी घर बांधतो ना, मग सामान आत ठेवतो, आत्ता केलेल्या वस्तू ठेवू कुठे? मोशे त्याचं ऐकतो. आम्ही प्लॅनवर पश्चिमेला कोशाची जागा आधी आखली (अडीच बाय दीड) आणि बांधायला तंबू घेतला.

मेनोराला, म्हणजे तंबूतल्या सात दिव्यांच्या दीपवृक्षाला, वेळ द्या. फांद्या वळलेल्या की सरळ ते तोरा सांगत नाही. राशी तिरक्या म्हणतो, रामबामच्या (मैमोनिडीस, वरचे रामबान वेगळे) चित्रात त्या सरळ आहेत, रोममधल्या टायटसच्या कमानीवर गोल. मोशेलाही ती कळेना म्हणून देवाने आगीची मेनोरा दाखवली म्हणतात. मंदिरातल्यासारखी सात फांद्यांची मेनोरा करू नये असं तालमुदात आहे, म्हणून आम्ही ती नुसती कागदावर काढली आणि तंबूत दक्षिणेला लावली.

सोन्याच्या वासराची पूजा केली त्या पापानंतर हे बांधायला सांगितलं की आधीच, हाही वाद आहे. राशी म्हणतो नंतर, रामबान म्हणतो आधी, सिनाय पर्वतावरची जवळीक पुढे चालू राहावी म्हणून. "माझ्यासाठी पवित्रस्थान करा, मी त्यांच्यामध्ये राहीन" हे वाक्य वाचून घ्या, "त्याच्यामध्ये" नाही, "त्यांच्यामध्ये". आमच्याकडे एक मुलगी इथे बराच वेळ गप्प बसली होती.

आणि काम सुरू करायच्या आधी मोशेने शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस) सांगितला, निषिद्ध 39 कामं तालमुदाने याच बांधकामावरून काढली. म्हणून शुक्रवारी दिवे लागायच्या आत कात्री आणि गम उचलून ठेवा, भिंत अर्धी राहिली तरी.