अटाल्याच्या खोलीची किल्ली

स्टोअरचा चार्ज घेतला त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या काकांनी माझ्या हातात एक रजिस्टर आणि एक किल्ली ठेवली. ‘रजिस्टर आज तपासून घे. खोली सावकाश उघड,’ एवढंच म्हणाले. काका इंदूरच्या रामबागेतले आणि मीही तिथलीच, त्यामुळे साहेबांसमोर हिंदी आणि आमच्या दोघांत मराठी असा व्यवहार होता. खोली मी दुसऱ्याच दिवशी उघडली. छतापर्यंत रचलेले सीपीयू, मोठ्या पोटाचे जुने मॉनिटर, यूपीएसच्या बॅटऱ्या, टोनरने काळे पडलेले प्रिंटर. कोपऱ्यातल्या फॅक्स मशीनवर दसऱ्याचं हळदकुंकू वाळलेलं होतं. बंद पडलं तरी यंत्राची पूजा काही चुकत नाही.

इंदूर म्हणजे 2017पासून स्वच्छतेत सलग पहिला नंबर मिळवलेलं गाव. घरोघरी कचऱ्याचे सहा भाग होतात, त्यात ई-कचऱ्याचाही वेगळा. मग कचेरीत अशी अटाल्याची, म्हणजे भंगाराची, खोली कशी साठते? घरचा बिघडलेला चार्जर गाडीत टाकायला कुणाची सही लागत नाही. कचेरीतला सीपीयू दाराबाहेर काढायला पाच सह्या लागतात, आणि सही करणाऱ्याला वाटतं की उद्या ऑडिट आलं तर आपलीच मान अडकेल. म्हणून सगळे बदली होईपर्यंत वाट बघतात आणि किल्ली पुढच्याला देतात.

तुम्ही नव्याने स्टोअर, आयटी किंवा प्रशासन शाखेत आला असाल आणि ‘ई-वेस्टचं जरा तुम्ही बघा’ म्हणून साहेब मोकळे झाले असतील, तर हे तुमच्यासाठी. आमचं ऑफिस केंद्र सरकारचं, त्यामुळे खरेदी-विक्रीला जीएफआर 2017, म्हणजे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, लागू. राज्य सरकारच्या कचेरीत असाल तर तुमचे भंडार नियम वेगळे, ते आधी वाचा. ई-कचऱ्याचे नियम मात्र सगळ्यांना तेच.

सुरुवात खोलीपासून करू नका, रजिस्टरपासून करा. मी उलटं केलं आणि तीन आठवडे वाया घालवले. जीएफआरप्रमाणे टिकाऊ मालाची (फिक्स्ड अ‍ॅसेट्सची) प्रत्यक्ष पडताळणी वर्षातून एकदा व्हायला हवी. आमच्याकडे ती कागदावर होत होती, मागच्या वर्षीचीच यादी तारीख बदलून. मी प्रत्येक यंत्राचा कंपनीचा सीरियल नंबर उतरवला, आपला स्टिकर लावला, फोटो काढला आणि समोर तीनच शेरे ठेवले : चालू, दुरुस्त होईल, निकामी. कंटाळवाणं काम आहे. पण त्यानंतर सही मागायला गेले की साहेब प्रश्न कमी विचारतात.

वस्तू निकामी ठरवण्याचा अधिकार ती खरेदी करण्याचा अधिकार ज्याला आहे त्यालाच असतो, आणि कारण लेखी नोंदवावं लागतं. हवं तर तो समिती नेमतो. समिती नेमून घ्याच, आणि तिच्यात लेखा शाखेचा माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी फाइल त्याच्याकडेच अडते. निकामी माल स्टॉकमधून कमी करणं, महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ज्याला निर्लेखन म्हणतात, त्याला आमच्या फाइलींत अपलेखन म्हणतात. पुण्याच्या मावसबहिणीला, ती तिथे सरकारी नोकरीत आहे, फोनवर हे समजावताना मला नेहमी दोनदा बोलावं लागतं.

आता माझी फजिती. पहिल्या लिलावात 31 सीपीयू होते. घेणाऱ्याने आधी येऊन माल पाहिला, बोली लावली, पैसे भरले. उचलायच्या दिवशी त्याच्या माणसाने झाकणं उघडली तर 9 सीपीयूंत रॅमच नव्हती. चोरीचा बोभाटा झाला, गार्डला बोलावलं, मला रात्रभर झोप नाही. चोरी झालीच नव्हती. देखभालीच्या कंत्राटावरचा मुलगा वर्षानुवर्षं एकाची रॅम काढून दुसऱ्याला लावत होता, आमच्याच लोकांच्या सांगण्यावरून, आमच्याच सोयीसाठी. नोंद कुणीच ठेवली नव्हती. घेणारा भाव पाडून मागू लागला आणि अर्धा माल उचलून गेला तो परत यायला दीड महिना लागला. त्या दिवसापासून यंत्राला पेचकस लागला की रजिस्टरमध्ये ओळ पडते : कुठला भाग काढला, कशाला लावला, कुणी सांगितलं. अटींमध्येही मी दोन वाक्यं वाढवली : माल जसा आहे तसा, आणि उचलायचा तो एकाच खेपेत सगळा.

माल कुणाला द्यायचा, हा या कामाचा गाभा. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत 106 प्रकारची उपकरणं येतात. वर्षात कधीही अशी 1000 किंवा अधिक उपकरणं वापरात असणारी संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते, आणि तिने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरकडेच द्यायचा असतो. तुमच्या कचेरीत तेवढी यंत्रं नसली तरी हाच नियम पाळा. अटालेवाला जास्त भाव देतो हे खरं आहे. का देतो तेही समजून घ्या : तो सर्किट बोर्ड अशा ठिकाणी पाठवतो जिथे तांब्यासाठी वायर जाळतात आणि सोन्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवतात. जुन्या मॉनिटरच्या काचेतलं शिसं त्याला नकोच असतं, ते नाल्यात जातं.

नोंदणीचा कागद समोर आला की तारीख बघा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव स्वतः शोधा. 2016च्या नियमांत डिस्मँटलर (यंत्रांचे भाग सुटे करणारा) आणि कलेक्शन सेंटर असे वेगळे वर्ग होते. नव्या नियमांत नोंदणी चारच वर्गांची आहे, त्यांत हे दोन नाहीत. तरी जुनी प्रमाणपत्रं घेऊन लोक येतात, लॅमिनेट केलेली, त्यामुळे जास्तच खरी वाटतात. लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवरून किंवा जेम या सरकारी खरेदी पोर्टलच्या फॉरवर्ड ऑक्शनमधून (विक्रीच्या लिलावातून) करता येतो. मालाची आजची अंदाजित किंमत 2 लाखांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा लिलावच करावा लागतो. बोली नोंदणीकृतांनाच लावता येईल ही अट सुरुवातीलाच टाका, नंतर टाकता येत नाही. गाडी भरल्यावर धरमकाट्यावर सोबत जा. पावतीवरचं वजन आणि रिसायकलरच्या प्रमाणपत्रावरचं वजन जुळलं पाहिजे.

हार्ड डिस्कबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक फार निष्काळजी असतात. फाइल डिलीट केली किंवा फॉरमॅट मारला म्हणजे माहिती गेली असं नाही. साध्या हार्ड डिस्कवर सगळ्या जागेत नव्याने लिहून माहिती पुसता येते. एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, ती युक्ती भरवशाची नाही, आणि चुंबकाने तर तिच्यातली माहिती पुसली जात नाही, कारण ती चुंबकीय रूपात साठवलेली नसतेच. तिच्यासाठी कंपनीने दिलेली सिक्युअर इरेजची आज्ञा वापरावी लागते, नाहीतर चिपचेच तुकडे. आम्ही लिलावाआधी सगळ्या डिस्क काढतो, त्यांच्या नंबरांची वेगळी यादी करतो आणि दोघांच्या समोर ड्रिलने भोकं पाडतो. सर्वांत जास्त विसरतं ते फोटोकॉपी मशीन. मोठ्या मशीनांत डिस्क असते, आणि तुम्ही झेरॉक्स काढलेली अर्धी कचेरी तिच्यात असू शकते. मशीन भाड्याचं असेल तर कराराची मुदत संपताना डिस्क कुणाची, हे करारातच लिहून घ्या.

यूपीएसच्या बॅटऱ्या ई-कचऱ्याच्या ढिगात घालू नका. त्यांना 2022चे बॅटरी नियम वेगळे आहेत. नवी घेताना जुनी परत देण्याची अट टाकली की बराचसा प्रश्न मिटतो. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दिसली तर टोकांना टेप लावून वाळूच्या डब्यात, एकटी. एकीवर एक रचली आणि दबली, तर पेट घेते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या फोडून पोत्यात भरू नका, एवढं शिपाईदादांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

खरी बचत खरेदीत आहे आणि तिकडे आपलं कुणी ऐकत नाही. तरी मी प्रत्येक इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) लिहिते : वॉरंटी किती वर्षं, रॅम वाढवता येते का, शिसं-पारा-कॅडमियमच्या मर्यादा पाळल्याचं कंपनीचं लेखी आहे का. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपला तेव्हा आमच्या एका शाखेने सरसकट सगळे संगणक निकामी म्हणून पाठवले होते. विंडोज 11 चालत नाही म्हणजे यंत्र मेलं असं नसतं. जे नेटवर्कशिवाय फक्त टायपिंगला लागत होते त्यांच्यावर सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) टाकून पाहिलं. दोन बाबूंनी कुरकुर केली, एकाला महिनाभराने फरकच कळेना.

वेळ साधायची तर ऑक्टोबर. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत 2021पासून दरवर्षी 2 ते 31 ऑक्टोबर प्रलंबित कामं आणि भंगार निकाली काढायची विशेष मोहीम असते, निपटाऱ्याचे आकडे वर जातात, आणि एरवी महिनोन्‌महिने न हलणारी फाइल आठवड्यात सही होऊन येते. मात्र तयारी गणपती उठले की लगेच सुरू करा. दिवाळी कधीकधी ऑक्टोबरातच येते आणि समितीतला एकतरी माणूस गावाला गेलेला असतो.

आमची खोली आता जवळपास रिकामी आहे. एक मॉनिटर तेवढा उरलाय. त्यावर स्टिकर नाही, सीरियलची पट्टी उडालेली, कुठल्याच रजिस्टरात तो नाही. जी वस्तू स्टॉकवर नाही ती स्टॉकमधून कमी कशी करणार? मी काकांना फोन केला, तर ते हसले आणि म्हणाले, ‘तो माझ्याआधीपासून आहे.’ तर आता पडताळणीत जादा सापडला म्हणून तो आधी स्टॉकवर घ्यायचा, नंबर द्यायचा आणि मग अपलेखनाला पाठवायचा. नोटशीट वर गेली आहे.